थांबण्याची मुभा

कर्जत, नेरळ, कळंब, चौक या भागातल्या वीटभट्ट्यांवर कामाचा दिवस मध्यरात्र उलटल्यावर सुरू होतो. दिवाळीनंतर भट्टीवर आलेली कातकरी कुटुंबं उन्हाळ्यात दोन-तीन वाजताच उठतात. आदल्या संध्याकाळी भिजवून तुडवलेली माती साच्यात आपटायची, साचा उलटा करायचा, वीट सुटी करायची आणि लगेच पुढच्या गोळ्याला हात घालायचा. ऊन डोक्यावर येण्याआधी जितक्या ओळी लागतील तितक्या लावायच्या. भर दुपारी हे काम झेपत नाही, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. ते अंगानेच सांगितलं आणि त्यांनी कामाची वेळ रात्रीवर नेली.

शरीरशास्त्रात याला वर्तनातून होणारं तापमान-नियमन म्हणतात. उष्णतेविरुद्ध माणसापाशी असलेलं हे सर्वांत मोठं साधन आहे. घाम, त्वचेकडे वळणारं रक्त, वाढलेले ठोके ही आपोआप चालणारी यंत्रणा त्याच्यानंतरची. सावलीत सरकणं, पाणी पिणं, अंगावरचं कापड ओलं करणं आणि काम थांबवणं एवढं करता आलं तर निरोगी माणूस बराच कडक उन्हाळा काढतो. ते करता आलं नाही तर पट्टीचा कष्टकरीही पाहता पाहता कोसळतो. म्हणून अस्वस्थतेकडे नीट पाहायला हवं. जीव घाबरा होणं, तोंड कोरडं पडणं, पाय जड होणं याला आपल्याकडे नाजूकपणा समजतात, आणि जो हे सगळं गिळून काम ओढतो त्याचं कौतुक होतं. खरं तर ही लक्षणं म्हणजे शरीराने दिलेला हुकूम असतो. तो पाळण्याची मुभा माणसाला आहे की नाही, हे मात्र शरीराच्या बाहेर ठरतं. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात ते मजुरीच्या दरावर, घेतलेल्या उचलीवर, घराच्या छपरावर आणि कधी कधी श्रद्धेवरही ठरतं.

आधी आतली व्यवस्था पाहू. शरीराच्या आतलं वातावरण स्थिर राहतं म्हणूनच प्राण्याला बाहेरच्या बदलत्या जगात मोकळेपणाने जगता येतं, असं फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलं. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये या स्थैर्याला ‘होमिओस्टॅसिस’ असं नाव दिलं. माणसाच्या बाबतीत हे स्थैर्य ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासचं आहे आणि मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस ते राखतो. त्याला बातमी पोहोचवणारी प्रथिनं त्वचेतल्या चेतातंतूंवर असतात. मिरचीतल्या कॅप्सेसिनने जे प्रथिन जागं होतं तेच ४३ अंशांच्या आसपासच्या उष्णतेनेही जागं होतं, हे डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं. ज्युलियस यांना पुढे २०२१ चं नोबेल पारितोषिक आर्डेम पटापुटियन यांच्यासह मिळालं. झणझणीत ठेचा खाल्ल्यावर थंडीच्या दिवसांतही कपाळावर घाम येतो तो याच वाटेने.

आता थोडा हिशेब. कष्टाच्या कामात शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिचा जेमतेम पाचवा हिस्सा कामी येतो, उरलेल्याची उष्णता होते. जड काम करणाऱ्या माणसाच्या अंगात ४०० वॅटच्या आसपास उष्णता सतत तयार होत असते. एक लिटर घाम पुरता वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे केवळ आपल्याच कामाची उष्णता बाहेर टाकायला तासाला अर्ध्या लिटरहून जास्त घाम वाळावा लागतो. वरून येणारं ऊन आणि पेटलेल्या भट्टीची धग वेगळीच. शिवाय घाम नुसता गळून उपयोगाचा नाही, तो अंगावर वाळला पाहिजे. कोकणच्या दमट हवेत नेमकं तेच होत नाही.

विदर्भातला ४२ अंशांचा दिवस आणि उल्हास खोऱ्यातला ३४ अंशांचा दिवस शेजारी ठेवले तर कुणीही पहिल्याला भीषण म्हणेल. पण पहिल्या ठिकाणी हवेतली सापेक्ष आर्द्रता २० टक्के आणि दुसऱ्या ठिकाणी ७० टक्के असेल, तर ओल्या फडक्याने गुंडाळलेला तापमापक विदर्भात सुमारे २४ अंश दाखवील आणि कर्जतला २९. घाम वाळून शरीर कितपत थंड होऊ शकेल याचा अंदाज या दुसऱ्या आकड्यावरून येतो. हे ‘ओलं तापमान’ ३५ अंशांना पोहोचलं की सावलीत स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसालाही आपली उष्णता बाहेर टाकता येणार नाही, असं स्टीव्हन शेरवूड आणि मॅथ्यू ह्युबर यांनी २०१० मध्ये मांडलं. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर झालेल्या २०२२ च्या प्रयोगांत ही मर्यादा दमट हवेत ३१ अंशांच्या आसपासच असल्याचं दिसलं. त्या माणसांना फक्त हलकी हालचाल करायची होती. विटा थापायच्या नव्हत्या.

या पट्ट्याची ठेवणही उष्णता कोंडणारी आहे. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला माथेरानचा डोंगर आणि मधे उल्हासचं खोरं. दक्षिणेला खालापूरकडे पाताळगंगेचा पट्टा. समुद्रावरचा वारा इथे उशिरा आणि मंदावून पोहोचतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये घाटावरून उतरणारा पूर्वेचा वारा खाली येता येता तापतो. याच रायगड जिल्ह्यात, आणखी दक्षिणेला भिऱ्यात, २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंशांची नोंद झाली होती. उष्णतेच्या लाटेसाठी हवामान खात्याचा मैदानी निकष ४० अंशांपासून आणि किनारपट्टीचा ३७ अंशांपासून सुरू होतो. दोन्ही निकष कोरड्या तापमापकाचे. ज्या दिवशी कुठलीही लाट जाहीर झालेली नसते, अशा साध्या दमट दिवशीही इथला मजूर धोक्याच्या रेषेजवळ असू शकतो.

रेषा ओलांडली की काय होतं? त्वचा थंड ठेवण्यासाठी हृदय मिनिटाला सात-आठ लिटरपर्यंत रक्त त्वचेकडे वळवू शकतं. ते रक्त आतड्यांकडून आणि मूत्रपिंडांकडून उसनं घेतलेलं असतं. उपाशी राहिलेल्या आतड्याचं अस्तर गळू लागतं आणि जिवाणूंची विषद्रव्यं रक्तात शिरतात. गाभ्याचं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलं की मेंदूचा तोल सुटतो. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, कधी कामाला आणखी जोराने भिडतो. ज्या अवयवाने थांबण्याचा हुकूम ऐकायचा, तोच निकामी होतो. म्हणून तो हुकूम आधीच, नुसती अस्वस्थता असतानाच पाळला गेला पाहिजे. नंतर दुसऱ्या कुणीतरी त्या माणसाला थांबवावं लागतं.

भट्टीवर हे अवघड का होतं, याचं उत्तर हजेरीच्या वहीत सापडतं. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने मिळते. पावसाळ्यात घरात धान्य संपलेलं असताना घेतलेली उचल याच विटांतून फेडायची असते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, पण उचलीचा बोजा माणसाला हंगामभर एका जागी बांधून ठेवतोच. जोडप्यातला एक जण चक्कर येते म्हणून बसला तर दुसऱ्याचंही काम अडतं. बाईमाणूस पाणी कमी पितं, कारण उघड्या माळावर आडोसा नसतो आणि लघवीला जायचं तर लांब जावं लागतं. तहान लागलेली तिला कळते, पाणी दहा पावलांवर असतं, तरी ती थांबते. केंद्र सरकारने ज्यांना विशेष दुर्बल आदिवासी समूह मानलं आहे अशा महाराष्ट्रातल्या तीन समूहांपैकी कातकरी हा एक. जमीन नावावर नसलेल्या, वर्षातले सहा-सात महिने गावाबाहेर काढणाऱ्या या माणसांच्या सहनशक्तीवर रायगड-ठाण्यातल्या किती इमारती उभ्या राहिल्या असतील याची मोजदाद कुणी केलेली नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘त्यांना सवय आहे.’ हे उत्तर साफ खोटं नाही, म्हणून ते गंभीरपणे घ्यायला हवं. शरीर उष्णतेला सरावतं. आठवडा-दोन आठवडे रोज उन्हात काम केलं की घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला द्रव वाढतो आणि त्याच कामाला ठोके कमी पडतात. पण हा सराव मिळायला वेळ लागतो आणि काही आठवडे खंड पडला की तो जातो. उन्हात कामावर मरण पावणाऱ्यांत पहिल्या काही दिवसांतच दगावणारे फार असतात. म्हणून अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्याची सरकारी संस्था नव्या माणसाला पहिल्या दिवशी २० टक्केच काम द्यायला आणि रोज २० टक्क्यांनी ते वाढवायला सांगते. लग्नकार्यासाठी गावी जाऊन मेमध्ये भट्टीवर परतलेला मजूर सरावलेला नसतो. आजारातून उठलेलाही नसतो.

सरावाने घाम वाढतो तसं पाणीही जास्त लागतं, ही त्यातली दुसरी बाजू. मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वाच्या ऊसपट्ट्यांत, मधुमेह किंवा रक्तदाब नसलेल्या तरुण तोडणी कामगारांची मूत्रपिंडं निकामी होत गेली. उन्हात रोज थोडं थोडं कोरडं पडत केलेले कष्ट हे त्याचं एक मोठं कारण असल्याचे पुरावे साठत गेले आणि तिथे पाणी, विश्रांती, सावली या तीन गोष्टी कामाच्या वेळापत्रकातच घालण्याचे प्रयोग झाले. ते काटेकोर पाळले तेव्हा मूत्रपिंडाला होणारी इजा घटली. ती माणसंही पिढ्यान् पिढ्या उन्हात राबणारी, सवयीचीच होती.

मुभा ही केवळ सोयीची बाब नाही, मेंदूच्या कामकाजात तिला स्वतःची जागा आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये गोंगाटावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना कर्कश आवाजात काम करायला बसवलं. त्यांतल्या काहींच्या हाताशी एक बटण दिलं आणि असह्य झालं तर ते दाबून आवाज बंद करता येईल असं सांगितलं. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. गोंगाट दोन्ही गटांनी सारखाच ऐकला, पण बटण जवळ असलेल्यांनी नंतरची कामं जास्त चिकाटीने आणि कमी चुका करून केली. त्याच सुमारास जे वाइस यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत, विजेचा धक्का थांबवता येणाऱ्या उंदरांच्या पोटात तेवढेच धक्के खाणाऱ्या पण काहीच करू न शकणाऱ्या उंदरांपेक्षा कमी व्रण दिसले. असहायता शिकली जाते, असा सिद्धान्त स्टीव्हन मायर आणि मार्टिन सेलिगमन यांनी १९६७ च्या प्रयोगांवरून मांडला होता. २०१६ मध्ये त्यांनीच तो उलटा केला. दीर्घ त्रासापुढे निपचित होणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया असते, आणि आपल्याला काही करता येतं हे मेंदूचा पुढचा भाग ओळखतो तेव्हा ती दाबली जाते, असं त्यांनी मेंदूतल्या मार्गांच्या आधारे लिहिलं.

हे समजलं की कर्जतच्या फार्महाऊसवर सुट्टीला येणाऱ्यांचे कष्ट आणि तिथल्या गड्याचे कष्ट यांची बरोबरी करता येत नाही. पेठच्या किल्ल्यावर किंवा खांडसवरून भीमाशंकरला चढणारा मुंबईकर घामाघूम होतो, पाय दुखवून घेतो आणि ताजातवाना होऊन परततो. त्याचा आनंद खरा आहे. थंड पाण्याची आंघोळ, उपास, मौन यांनी लाभ होतो असं सांगणारेही उगाच सांगत नसतात. पण त्या प्रत्येक त्रासाला सुटण्याची वाट असते आणि ती माणसाच्या हाती असते. सहन केल्याने माणूस घडतो हा उपदेश तिथून उचलून ज्याच्यापाशी ती वाटच नाही त्याला ऐकवणं हा अन्याय आहे.

शरीराचा हुकूम पाळला नाही तर इजा होते, हा धडा वेदनेच्या बाबतीत वैद्यकाने फार पूर्वी घेतला. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६ मध्ये वेल्लोरला आले तेव्हा कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात असाच समज होता. रोगाने चेतातंतू मारले की संवेदना जाते. मग चुलीवरचं गरम भांडं, बोचणारा खिळा, चावणारी चप्पल काहीच कळत नाही आणि हातापायांची झीज त्या न कळलेल्या जखमांनी होते, हे ब्रँड यांनी दाखवून दिलं. पनवेलजवळ नेरे इथल्या शांतिवनात कुष्ठरोग निवारण समितीचं काम ज्यांनी पाहिलं आहे त्यांना बधिर तळव्याची जखम ओळखीची असेल. तिथे संवेदना गेलेली असते. भट्टीवर संवेदना शाबूत असते, तिच्याप्रमाणे वागता येत नाही. शरीराला होणारी इजा दोन्हीकडे त्याच रस्त्याने येते.

मुभा नेहमी दुसऱ्यानेच हिरावून घेतलेली असते असंही नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी रायगड जिल्ह्यातच, खारघरच्या मैदानावर आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्याचा सोहळा झाला. त्यांचे लाखो अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य, भर उन्हात, डोक्यावर छप्पर नसलेल्या मैदानात बसले होते. जवळच्या केंद्रावर तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. या सोहळ्यात उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्यानंतर राज्य सरकारने उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावरचे कार्यक्रम घेण्यास मनाई केली. त्या माणसांना कुणी दावणीला बांधलं नव्हतं. पण गुरूंच्या सन्मानाच्या वेळी उठून जाणं मनाला पटत नाही, इतक्या दाटीत वाट सापडत नाही, आणि शेजारी बसलेली हजारो माणसं उठत नाहीत. भक्ती मेंदूला अस्वस्थतेचा आवाज खरोखरच बारीक करायला लावते. तीव्र प्रेरणा असली की माणूस थकव्याच्या पुढे जाऊ शकतो, हे खेळाडूंवरच्या अभ्यासांतही दिसतं. आवाज बारीक झाला म्हणून गाभ्याचं तापमान मात्र उतरत नाही. त्यामुळे जिथे श्रद्धेने माणसं आपला हक्काचा विसावा सोडून देतील, तिथे तो देण्याची जबाबदारी आयोजकांवर दुप्पट येते.

वारीची परंपरा ही जबाबदारी ओळखून आहे. आळंदी-देहूहून पंढरपूरला चालणाऱ्यांची भक्ती काही कमी नसते, पण पालखीच्या वेळापत्रकात मुक्कामासोबत दुपारचे विसावेही गावांच्या नावानिशी ठरलेले असतात. विसावा येतो तेव्हा अख्खी दिंडी थांबते. थकलेल्या एकट्याला हात वर करून ‘मला जमत नाही’ म्हणावं लागत नाही. मजुरीच्या कामाला ही रीत लावता येते. कतार या देशाने २०२१ मध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावरचं काम बंद केलं आणि आर्द्रता धरून मोजलेला निर्देशांक ३२.१ अंशांच्या वर गेला तर कोणत्याही वेळी काम थांबवायचं असंही ठरवलं. तिथल्या परदेशी मजुरांचे हाल जगाने पाहिल्यावर हे घडलं, हे खरं. तरी नियम लिहिता येतो, आणि त्यात आर्द्रता धरता येते, एवढं त्यातून दिसतं.

कर्जत तालुक्यातच उकाड्यावर काढलेला एक जुना तोडगा आहे, माथेरान. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मेमध्ये हा डोंगर चढून गेले आणि सुमारे ८०० मीटर उंचीवरची गार हवा गोऱ्या अधिकाऱ्यांना आणि पुढे मुंबईच्या धनिकांना सापडली. वाहनबंदीमुळे तिथे शांतता राहिली. पण त्या शांततेत माणसांनी माणसं ओढली. चढाच्या लाल मातीत हातरिक्षा ओढणाऱ्याचं हृदय ज्या गतीने धावतं तिच्यावर बसलेल्याचा आराम अवलंबून असतो. एका शरीराची उसंत दुसऱ्या शरीराने भरून द्यायची, हा व्यवहार तिथे दीडशे वर्षांच्या पर्यटनाचा भाग होऊन गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ई-रिक्षांच्या प्रयोगाला परवानगी दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. निर्णय योग्यच आहे. त्याच डोंगराच्या पायथ्याशी, नेरळच्या बाजूला, विटांची ओझी वाहणाऱ्यांना असा कुठलाही आदेश अजून लागू नाही.

दिवस संपतो तेव्हा शरीराला दुरुस्तीचा वेळ लागतो, आणि ती दुरुस्ती झोपेत होते. झोप लागण्यासाठी गाभ्याचं तापमान थोडं उतरावं लागतं. रात्रभर अंगातून पाणी निथळत राहिलं तर ते उतरत नाही, आणि आदल्या दिवशीचा थकवा दुसऱ्या दिवशीच्या सहनशक्तीतूनच वजा होतो. ठाकर-कातकरी वाड्यांवरची जुनी घरं कारवीच्या कुडाची. वरून शेणमातीचा लेप आणि छपराला पेंढा किंवा कौलं. पावसाळ्यात ती दरसाल डागडुजी मागतात, साप-विंचू शिरतात, म्हणून पक्कं घर हवंसं वाटणं रास्त आहे. पण पक्क्याच्या नावाखाली नुसता पत्रा आला तर एप्रिलमध्ये त्या खोलीत दुपारी बसवत नाही आणि मध्यरात्रीपर्यंत डोळा लागत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकऱ्यांसाठी घरकुलं आहेत. त्या घरांच्या नकाशात पडवी, उंच छप्पर आणि आरपार वारा धरला गेला तर ते आरोग्यखात्याचंच काम होईल.

इरशाळवाडीचा विचार इथे टाळता येत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या या ठाकरवाडीवर इरशाळगडाची दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. वाचलेल्यांना आधी चौकजवळ कंटेनरमध्ये आणि पुढे नानिवलीला बांधलेल्या ४४ घरांत हलवलं गेलं. अशा आपत्तीतून वाचलेल्या माणसांच्या मेंदूची धोक्याची घंटा लवकर मिटत नाही, हे जगभरच्या अनुभवांतून दिसलं आहे. पावसाची सर, रात्रीचा आवाज यांनी ठोके वाढतात, झोप उडते, पोट बिघडतं. शरीर पुन्हा पुन्हा तयारीत राहतं आणि त्या तयारीचीच झीज साचते. ब्रूस मॅकइवन यांनी या साचणाऱ्या झिजेचा हिशेब १९९० च्या दशकात मांडला. घर दिलं म्हणजे पुनर्वसन संपलं असं मानणाऱ्या सरकारी कागदात या झिजेला रकाना नसतो. डॉक्टरांच्या भेटी, मनोविकारतज्ज्ञांशी बोलणं आणि पहिल्या काही पावसाळ्यांत कुणीतरी सोबत असणं यासाठी पैसा आणि माणसं लागतात. भिंतींइतकीच ती गरजेची आहेत.

कर्जतजवळ वेणगावात ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’चं केंद्र आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये सुरू केलेली ही संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणते, उपचार करते आणि देशभरातल्या त्यांच्या घरी पोहोचवते. डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उन्हात चार-चार कपडे घालून फिरणारा, तहानेची दाद न घेणारा माणूस आपण सगळ्यांनी रस्त्यात पाहिलेला असतो. स्किझोफ्रेनियात शरीराच्या आतल्या खुणा वाचण्याची क्षमताही बिघडू शकते. त्यात मनोविकारावरची काही औषधं हायपोथॅलॅमसच्या कामात अडथळा आणतात आणि त्यांच्या जोडीला दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी घाम कमी होतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०२१ च्या जूनअखेरच्या लाटेत ६१९ माणसं दगावली. स्किझोफ्रेनिया असलेल्यांना मरणाचा धोका तिथे इतरांच्या तिप्पट होता. गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे आधी ठासून सांगायला हवं. पण गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या घरच्यांना मार्चमध्येच बोलावून पाणी, सावली आणि अंग ओलं करण्याबद्दल सांगणं कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्राला जमण्यासारखं आहे.

छोट्या केंद्रातून काय होऊ शकतं याचा रायगडमधला दाखला मोठा आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः मुलं, पटापट मरत होती. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाला नोंदी करत राहिले. ओकारी, दरदरून घाम, बर्फासारखे हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि शेवटी फुप्फुसात साचणारं पाणी, असा क्रम त्यांना दिसला. शरीराला सावरणारी जी स्वायत्त चेतासंस्था उकाड्यात घाम आणते आणि ठोके वाढवते, तीच विंचवाच्या विषाने बेफाम सुटते आणि हृदयाला मारते. या लक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीचा उपचार १९८६ मध्ये. एके काळी ४० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण पुढे एका टक्क्यावर आलं. पद्मश्री त्यांना २०२२ मध्ये मिळाली.

उष्माघातालाही असाच साधा, स्वस्त उपचार आहे. आधी थंड करा, मग हलवा. ताडपत्रीच्या चार कडा चार जणांनी धरून झोळी करायची, आजाऱ्याला तीत निजवून पाणी आणि मिळेल तेवढा बर्फ ओतायचा, पाणी हेलकावत ठेवायचं. ताडपत्री आणि पाणी प्रत्येक भट्टीवर असतं. पण तशा रुग्णाला रिक्षात घालून आडवळणाच्या रस्त्याने नेण्यातच मोलाची मिनिटं जातात, आणि रुग्णालयात पोहोचल्यावर तो दगावला तर कागदावर बहुधा हृदयविकाराची नोंद होते. कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौकची ग्रामीण रुग्णालयं यांनी मार्च ते जून या काळात बेशुद्ध किंवा भ्रमिष्ट होऊन आलेल्या प्रत्येकाच्या केसपेपरवर गुदद्वारातून मोजलेलं तापमान, तो करत असलेलं काम, कोसळला ती वेळ आणि कामाची जागा एवढं लिहून ठेवावं. एका उन्हाळ्याच्या अशा नोंदी हाती आल्या तर कोणत्या भट्टीवर, कोणत्या रस्त्याच्या कामावर आणि खोपोलीच्या कोणत्या कारखान्यात विसाव्याची वेळ सक्तीने लावायची, हे तहसीलदार आणि कामगार आयुक्तांना नावानिशी ठरवता येईल.